दिलेल्या अक्षरांवरून लांब इंग्रजी शब्द कसा शोधायचा

चार अक्षरं दिली आहेत: एम, एच, एल, टी. ही चारही ज्यात येतात असा शक्य तितका लांब इंग्रजी शब्द सांगायचा. अक्षरांचा क्रम कोणताही चालेल, मधे इतर अक्षरं आली तरी चालतील. नव्याने या खेळाकडे वळलेला माणूस ओळखीचे शब्द एकेक करून आठवू लागतो. 'हेल्थ' आठवतो, पण त्यात एम नाही. मग 'मंथली' सापडतो, चारही अक्षरं बसतात, आणि तो ७ अक्षरांवर समाधान मानतो. याच चार अक्षरांवर १७ अक्षरी शब्द आहे, आणि त्याचा मूळ शब्द शाळकरी मुलांनाही माहीत असतो.

तो सुचत नाही याचं कारण शब्दसंग्रह अपुरा आहे असं नाही. अख्खा शब्द एका झटक्यात आठवावा अशी आपली अपेक्षा असते, आणि १५-१७ अक्षरी शब्द तसा आठवत नाही. आधी मूळ पकडायचं, मग मागे प्रत्यय आणि पुढे उपसर्ग लावत तो वाढवत न्यायचा. उपसर्गघटित आणि प्रत्ययघटित शब्द आपण मराठीच्या व्याकरणात शिकलेलो आहोत. इथे तेच ज्ञान इंग्रजीला लावायचं आहे.

वाचताना कागद-पेन जवळ ठेवा. 'सी ए टी, कॅट' म्हणत आपण स्पेलिंग पाठ करायचो तशी इथे अक्षरं नावांनी दिली आहेत. प्रत्येक शब्द रोमन लिपीत स्वतः लिहा, अक्षरं मोजा आणि मगच पुढे जा. नुसतं वाचून हे हातात येत नाही.

आधी प्रश्न कोणता आहे ते पाहा

'या अक्षरांतून शब्द शोधा' असं म्हणताना लोक तीन वेगवेगळे प्रश्न विचारत असतात. एकात दिलेली अक्षरं शब्दात असली म्हणजे झालं, बाकी कितीही अक्षरं घ्या. दुसऱ्यात अक्षरं दिलेल्या क्रमानेच यावी लागतात. तिसऱ्यात फक्त दिलेलीच अक्षरं वापरायची, बाहेरचं एकही नाही. स्क्रॅबल या पटावरच्या शब्दखेळात हातातल्या ७ टाइल्स, म्हणजे अक्षरांच्या चकत्या, घेऊन आपण हेच करतो. पहिल्या प्रश्नात शब्द जितका वाढवाल तितका बरा. तिसऱ्यात वाढवायला जागाच नाही, तिथे मांडणी बदलत बसावं लागतं. दोन्हींची रीत वेगळी आहे, म्हणून सुरुवातीलाच विचारून घ्या. एखादं अक्षर दोनदा दिलं असेल तर ते शब्दात दोनदा यायला हवं का, हेही तेव्हाच ठरवा.

या लेखाचा मोठा भाग पहिल्या प्रश्नाबद्दल आहे, कारण लांब शब्दांची खरी मजा तिथे आहे.

कानावर विसंबू नका

मराठी माणसाची इथे एक खास अडचण होते. आपण जवळजवळ जसं बोलतो तसं लिहितो, त्यामुळे 'पी' दिसला की मन 'प'चा आवाज असलेले शब्द गोळा करू लागतं. इंग्रजीत ही सवय अर्धे शब्द लपवून ठेवते. पी, एस, वाय, जी ही अक्षरं घ्या. कानाने शोधणाऱ्याला 'सायकॉलॉजी' सुचणार नाही, कारण त्यात 'प' ऐकूच येत नाही. पण स्पेलिंग आहे पी-एस-वाय-सी-एच-ओ-एल-ओ-जी-वाय, आणि त्याचंच 'सायकॉलॉजिकली' केलं की १५ अक्षरं होतात. 'न्यूमोनिया' पी-एनने सुरू होतो, 'नॉलेज' के-एनने. 'डेट' म्हणजे कर्ज, त्यात न ऐकू येणारा बी आहे. 'एक्झिबिशन'मधला एच उच्चारात येत नाही. 'फ'चा आवाज एफने लिहितात, पी-एचने लिहितात आणि 'लाफ'मध्ये जी-एचनेही लिहितात.

म्हणून दिलेल्या प्रत्येक अक्षराला विचारा: हे अक्षर मुकं असताना कुठे येतं? आणि कोणाच्या सोबतीने आवाज बदलतं? एच दिसला की 'ह' बाजूला ठेवून सी-एच, पी-एच, टी-एच, एस-एच, जी-एच, डब्ल्यू-एच, आर-एच या जोड्या कागदावर लिहून काढा. लांब शब्दांत एच बहुतेक वेळा या जोड्यांतच सापडतो.

स्वस्त अक्षरं, महाग अक्षरं

आता मुख्य गोष्ट. दिलेली सगळी अक्षरं सारख्या कष्टाची नसतात. काही अक्षरं प्रत्ययांतून आपोआप येतात, त्यांच्यासाठी वेगळा शोध घ्यावा लागत नाही. एल आणि वाय '-ली'मधून येतात. आय, एन, जी ही '-इंग'मधून. टी, आय, ओ, एन '-शन'मधून (टी-आय-ओ-एन). बी आणि एल 'ए-बी-एल-ई' किंवा 'ए-बी-आय-एल-आय-टी-वाय' मधून. एस आणि टी 'आय-एस-टी'मधून. आर आणि ई तर कुठेही 'ई-आर' जोडून मिळतात.

दिलेल्या अक्षरांतली अशी स्वस्त अक्षरं आधी खोडून टाका. उरतात ती महाग. लांब शब्दाचं मूळ त्यांनीच ठरतं, तेव्हा सगळा विचार त्यांच्यावर खर्च करा.

एम, एच, एल, टी कडे परत या. एल खोडला, तो 'ए-एल', 'एल-वाय' किंवा 'ओ-एल-ओ-जी-वाय' मधून येईल. टी आणि एच एकत्र घेतले तर टी-एच ही जोडी झाली. म्हणजे खरा प्रश्न एवढाच उरला: टी-एच आणि एम असलेली मुळं कोणती? 'मॅथ', 'मेथड', 'मिथ', 'थर्म', 'सिंपथी'. झाली पाच मुळं. आता प्रत्येकाला वाढवा.

'मॅथ'चं 'मॅथेमॅटिकल', १२ अक्षरं. 'मॅथेमॅटिकली', १४. 'मिथ'चं 'मायथॉलॉजिकल', १२. 'मेथड'चं 'मेथडॉलॉजी' ११, 'मेथडॉलॉजिकल' १४, 'मेथडॉलॉजिकली' १६. आणि 'सिंपथी'चं 'सिंपथेटिक', मग 'सिंपथेटिकली' १५, आणि पुढे 'अन' लावला की 'अनसिंपथेटिकली'. यू-एन-एस-वाय-एम-पी-ए-टी-एच-ई-टी-आय-सी-ए-एल-एल-वाय. मोजा, १७ भरतात. शिवाय डोळ्यांच्या डॉक्टरसाठीचा 'ऑफ्थॅल्मॉलॉजिस्ट' आहेच, १५ अक्षरी. त्यात पी-एच आणि टी-एच लागोपाठ येतात आणि मराठी माध्यमातून आलेले भलेभले एक एच गाळतात.

'थर्म'पासूनही 'थर्मोडायनॅमिकली' हा १७ अक्षरी शब्द मिळतो, म्हणजे ते मूळ लिहून ठेवणं वाया जात नाही. अक्षरं थोडी बदलली की तेच उपयोगी पडतं.

महाग अक्षरांची मुळं

या भागावर सर्वात जास्त वेळ द्या. वहीत प्रत्येक महाग अक्षराला एक पान द्या आणि वाचताना भेटणारी मुळं तिथे उतरवत जा. सुरुवात करून देतो.

जे हे अक्षर नेहमीच्या कोणत्याही उपसर्गात किंवा प्रत्ययात नाही, म्हणून ते सर्वात हट्टी. पण ते लॅटिनमधून आलेल्या थोड्याच मुळांत राहतं: 'जेक्ट' (इंजेक्ट, प्रोजेक्ट, सब्जेक्ट), 'जंक्ट' (कंजंक्शन), 'जुड' (ज्युडिशियल, प्रेजुडिस), 'जुर' (ज्युरी, जुरिस्डिक्शन), 'जस्ट' (जस्टिस, अ‍ॅडजस्ट), शिवाय 'जर्नल' आणि 'मेजर' यांची कुटुंबं. एवढी पाठ असली की जेची भीती जाते. जे, बी, सी दिले आहेत असं समजा. 'ऑब्जेक्ट' लगेच सुचतो. 'ऑब्जेक्शन' ९, 'ऑब्जेक्शनेबल' १३, 'अनऑब्जेक्शनेबल' १५. दुसऱ्या वाटेने 'ऑब्जेक्टिफिकेशन', तोही १५. शब्दाच्या शेवटी जे हवा असेल तर मात्र बहुतेक आपल्याकडून आणि अरबीतून गेलेलेच शब्द आहेत: 'राज', 'ताज', 'हज'.

क्यूच्या मागे यू येतोच असं धरून चला. मुळं: 'इक्वि', 'क्वेस्ट', 'क्वांट', 'क्वालि', 'क्वार्ट', 'सीक्वेन्स', 'लिक्विड', 'अ‍ॅक्वायर'. प्रत्ययांत एकच, ई-एस-क्यू-यू-ई, म्हणजे 'पिक्चरेस्क'चा शेवट. क्यू आणि एच एकत्र दिले तर नवखे अडकतात, पण 'टेक्निक' आणि 'अर्थक्वेक' आहेत, आणि 'हेडक्वार्टर्स' १२ अक्षरी आहे. यूशिवायचा क्यू लांब शब्दांत फारसा कामाचा नाही. तो 'फकीर' किंवा 'बुरखा' यांच्या इंग्रजी स्पेलिंगात भेटतो.

एक्ससाठी पहिला विचार 'ई-एक्स' या उपसर्गाचा. इतके शब्द त्याने सुरू होतात की दुसरीकडे जाण्याची वेळ क्वचित येते. एक्स, पी, एल? 'एक्सपेरिमेंटली', १४. 'एक्सेप्शनली', १३. एक्स आणि एच? 'एक्झिबिशनिस्ट', १३. 'फ्लेक्स', 'टॉक्सिक', 'प्रॉक्सिमिटी', 'हेक्सा' ही मुळं राखीव ठेवा.

झेड स्क्रॅबलमध्ये १० गुणांचा, म्हणून तो दुर्मीळ वाटतो. लांब शब्दांत मात्र तो अगदी स्वस्त आहे. आपण शाळेत 'ऑर्गनायझेशन' एसने लिहायला शिकलो, पण अमेरिकी लेखनात तो झेडने लिहितात, आणि ऑक्सफर्डच्या पद्धतीतही झेडच. म्हणजे आय-झेड-ई आणि आय-झेड-ए-टी-आय-ओ-एन हे प्रत्यय शेकडो शब्दांना लागतात. 'इंडस्ट्रियलायझेशन' १७, 'इन्स्टिट्यूशनलायझेशन' २०. एसची सवय लागलेल्या आपल्यासारख्यांनी झेड दिसताच हा प्रत्यय मुद्दाम आठवायचा. झेड दोनदा दिला असेल तर हा मार्ग बंद. तेव्हा 'पझल', 'ड्रिझल' आणि १२ अक्षरी 'एम्बेझलमेंट', म्हणजे अपहार.

के आणि डब्ल्यू वेगळ्या घराण्यातले आहेत. इंग्रजीत लॅटिन-ग्रीकमधून आलेला साठा एक आणि मूळचा जर्मानिक साठा दुसरा. के आणि डब्ल्यू बहुतेक दुसऱ्यात असतात, आणि तिथे शब्द प्रत्ययांपेक्षा जोडशब्दांनी लांब होतात: वर्क, वर्ड, वुड, बुक, बॅक, ब्रेक, विथ, वॉर्ड यांना दुसरा शब्द जोडून पाहा. 'स्ट्रेटफॉरवर्ड' १५, 'नॉटविथस्टँडिंग' १५. 'नो' म्हणजे जाणणे, त्यापासून 'नॉलेजेबल' १३ आणि 'अ‍ॅकनॉलेजमेंट' जीनंतर ई ठेवून लिहिला तर १५. याउलट पी-एच, वाय आणि सी-एच मधोमध दिसले की ग्रीक साठ्याकडे वळा: 'सायको', 'हायपर', 'फिजिओ', 'ग्राफी', 'थेरपी'.

व्ही, एफ, बी ही तीन अक्षरं एकत्र आली तर अवघड वाटतात. तुकडे करून पाहा. बी 'एबल'मधून आला. एफ 'फाय'मधून येऊ शकतो, म्हणजे आय-एफ-वाय. उरला व्ही, त्याला 'व्हेरी' हे मूळ. जोडा: 'व्हेरिफाय', 'व्हेरिफाएबल', 'व्हेरिफायबिलिटी', १३ अक्षरं. दुसऱ्या घराण्यातून 'अनफर्गिव्हेबल', १२. मला हे उदाहरण फार आवडतं, कारण यात एकही अक्षर नशिबाने सापडलेलं नाही.

एक पथ्य मात्र पाळा. प्रत्यय जोडत जाताना जिभेला बरा वाटणारा पण कोशात नसलेला शब्द तयार होतो. प्रत्येक पायरीवर कोश उघडा.

फक्त दिलेलीच अक्षरं वापरायची असतील तेव्हा

स्क्रॅबलचा पट १५ गुणिले १५ घरांचा आहे, त्यामुळे १५ पेक्षा लांब शब्द तिथे बसत नाही. खरं ध्येय असतं हातातल्या सातही टाइल्स एकाच खेळीत लावण्याचं. त्याचे ५० गुण जास्त मिळतात. हा खेळ न्यूयॉर्कचे वास्तुविशारद आल्फ्रेड बट्स यांनी मंदीच्या काळात, १९३० च्या दशकात रचला. वर्तमानपत्रांतली अक्षरं मोजून त्यांनी कोणतं अक्षर किती वेळा ठेवायचं ते ठरवलं. १०० टाइल्समध्ये ई १२ आहेत, ए आणि आय ९-९, पण एस फक्त ४. अनेकवचनं करून सहज गुण मिळू नयेत म्हणून तो मुद्दाम कमी ठेवला. म्हणून एस हाती आला की तो छोट्या शब्दावर घालवू नका.

इथली रीत अशी. अक्षरं ओळीत मांडू नका, गोलात मांडा. ओळीत मांडली की डोळा तोच खोटा शब्द पुन्हा पुन्हा वाचत राहतो. मग नेहमीचा प्रत्यय काढून बाजूला ठेवा आणि उरलेल्यांकडेच पाहा. टी, ई, ए, सी, एच, आय, एन, जी मधून 'इंग' बाजूला काढला की पाच अक्षरं उरतात, त्यांचा 'टीच' होतो आणि 'चीट'ही होतो. म्हणजे 'टीचिंग' आणि 'चीटिंग'.

प्रत्यय सापडला तरी त्याला चिकटून बसू नका. आर, ई, एल, ए, टी, आय, ओ, एन मध्ये टी-आय-ओ-एन पाहिल्यावर 'रिलेशन' मिळतो, पण तो तुकडा मोडल्याशिवाय 'ओरिएंटल' दिसत नाही. 'ट्रायअँगल'ची अक्षरं घेतली तर 'इंटिग्रल', 'अल्टरिंग', 'अलर्टिंग', 'रिलेटिंग' सगळे त्यातच आहेत. आणि पाचही स्वर असलेला 'एज्युकेशन' उलगडला तर 'ऑक्शन्ड' आणि 'कॉशन्ड', दोन्ही ९ अक्षरी. ब्रिटनमध्ये १९८२ पासून चालू असलेल्या 'काउंटडाउन' या दूरचित्रवाणीवरच्या खेळात अशीच ९ अक्षरं देतात आणि ३० सेकंदांत शब्द मागतात.

'न्यूयॉर्क टाइम्स'चा 'स्पेलिंग बी' हा खेळ पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाच्या मधला. ७ अक्षरं, मधलं प्रत्येक शब्दात हवंच, पण कोणतंही अक्षर कितीही वेळा वापरता येतं. सातही अक्षरं असलेल्या शब्दाला तिथे पॅनग्राम म्हणतात. सी, ओ, एन, आय, एल, ए, टी घ्या. 'लोकेशन' ८ अक्षरांचा पॅनग्राम झाला. तिथेच थांबू नका, अक्षरं पुन्हा वापरा: 'कोलेशन' ९, 'अ‍ॅलोकेशन' १०, 'कन्सिलिएशन' १२. लांब शब्दांचा सराव सुरू करायला मला हाच खेळ सर्वात योग्य वाटतो.

संगणकाची मदत

स्वतः शोधून झाल्यावर, काय राहून गेलं ते बघायला संगणक वापरा. आधी शब्दयादी हवी. मॅकमध्ये एक साधी शब्दयादी आधीच असते, सुमारे २ लाख ३५ हजार शब्दांची. ती १९३४ च्या वेबस्टर कोशावर आधारलेली आहे, त्यामुळे जुने शब्द भरपूर आणि नवे गैरहजर. 'एनेबल' नावाची यादी सर्वांना मोफत वापरता येते आणि तिच्यात सुमारे १ लाख ७२ हजार शब्द आहेत.

प्रोग्रामिंग येत नसलं तरी बिघडत नाही, एक्सेल पुरे. पहिल्या स्तंभात सगळी यादी चिकटवा. एका शीटमध्ये १० लाखांहून जास्त ओळी मावतात, तेव्हा जागेचा प्रश्न नाही. दुसऱ्या स्तंभात 'लेन' सूत्राने शब्दाची लांबी काढा. मग प्रत्येक दिलेल्या अक्षरासाठी एक स्तंभ, त्यात 'सर्च' सूत्र. अक्षर असेल तर आकडा येतो, नसेल तर चूक दाखवली जाते. सर्व स्तंभांत आकडा आलेल्या ओळी गाळून घ्या आणि लांबीप्रमाणे उतरत्या क्रमाने लावा. एखादं अक्षर दोनदा हवं असेल तर 'सब्स्टिट्यूट'ने ते अक्षर काढून टाकून लांबी कितीने घटली ते पाहा.

लिनक्स किंवा मॅक वापरणाऱ्यांना 'ग्रेप' (जी-आर-ई-पी) ही मजकुरात शोधण्याची आज्ञा सोपी पडेल. पहिल्या अक्षराने यादी गाळायची, जे उरलं ते दुसऱ्या अक्षराने गाळायचं, असं शेवटच्या अक्षरापर्यंत. अक्षरं ठरावीक क्रमाने हवी असतील तर 'वनलुक' या कोशशोध संकेतस्थळावर अक्षरांच्या मधे आणि दोन्ही टोकांना तारांकन टाका.

यादीच्या माथ्यावर बहुधा रसायनांची आणि आजारांची नावं येतील. ती पाठ करण्यात वेळ घालवू नका. अर्थासकट वाक्यात वापरता येईल असा १३ अक्षरी शब्द त्यांच्याहून मोलाचा. एक अपवाद करा. 'न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्कॅनोकोनिओसिस' हा ४५ अक्षरी शब्द १९३५ मध्ये अमेरिकेतल्या कोडी सोडवणाऱ्यांच्या संघटनेच्या अध्यक्षांनी मुद्दाम रचला आणि पुढे तो मोठ्या कोशांत गेला. धुळीतल्या सिलिकाने होणारा फुप्फुसाचा आजार असा त्याचा अर्थ. तो तोडून वाचा: न्यूमोनो, अल्ट्रा, मायक्रोस्कोपिक, सिलिको, व्होल्कॅनो, कोनिओसिस. सहा ओळखीचे किंवा ओळखता येण्याजोगे तुकडे, आणि अख्खं स्पेलिंग डोक्यात बसतं.

स्पर्धेत उतरायचं असेल तर कोणती यादी चालते ते आधीच विचारा. भारतातल्या स्क्रॅबल स्पर्धा कॉलिन्सच्या यादीवर होतात, अमेरिकेत वेगळी यादी चालते, आणि एका यादीतला शब्द दुसरीत नसू शकतो.

सराव

सर्वात सोपा सराव रस्त्यावर आहे. महाराष्ट्रातल्या गाडीच्या नंबरात एम आणि एच असतातच, पुढची दोन अक्षरं बदलतात. म्हणजे एम-एचची मुळं एकदा पक्की झाली की रोज नवं कोडं फुकट मिळतं. गोव्यात जी आणि ए मिळतात. ती इतकी स्वस्त आहेत की तिथे सगळी कसोटी पुढच्या दोन अक्षरांची. गाडी चालवणाऱ्याने मात्र हा खेळ खेळू नये, तो शेजारी बसलेल्याचा.

चार संच देतो. आधी स्वतः प्रयत्न करा, मग उत्तरं पाहा.

पी, वाय, एच, आर. ग्रीक साठा आहे हे पी-एच आणि वायवरून कळतं. 'फिजिओथेरपिस्ट' १५, 'हायपरसेन्सिटिव्हिटी' १६.

क्यू, व्ही, एल. एल स्वस्त, व्ही 'आय-व्ही-ई'मधून येतो. 'अनइक्विव्होकली' १३, 'क्वांटिटेटिव्हली' १४.

के, एफ, आर. जर्मानिक साठा, जोडशब्द शोधा. 'किंगफिशर' १०, 'फायरक्रॅकर' ११.

एक्स, डब्ल्यू, पी, वाय. हा थोडा कठीण आहे, कारण एक्स एका घराण्यातला आणि डब्ल्यू दुसऱ्या. दोन्ही घराण्यांतला एकेक शब्द घेऊन जोडावा लागेल. एक्सला 'ई-एक्स' लावा, डब्ल्यूसाठी रस्त्याचा विचार करा. मुंबई-पुणे प्रवास करणाऱ्यांना १० अक्षरी 'एक्सप्रेसवे' सुचायला वेळ लागू नये.